कोटावरचा हात

साल एकोणीसशे एकोणसत्तर. माणूस चंद्रावर जाऊन आला ते वर्ष. सगळं जग रेडिओला कान लावून बसलं होतं आणि खळबाईला मात्र एकच प्रश्न पडला होता, की परत आल्यावर त्या लोकांचे कपडे धुणार कोण. चंद्रावरची धूळ कशाने निघते, हे तिने गिऱ्हाइकांनाही विचारून पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. "एवढ्या लांब गेले, आणि साधी गोष्ट कुणी विचारून ठेवली नाही," असं म्हणून तिने इस्त्री पुन्हा उचलली.

खळबाईचं खरं नाव चर्चच्या नोंदीत होतं आणि तिच्या आईच्या तोंडात, तेही रागावल्यावर. बाकी सगळ्या वस्तीची ती खळबाई. गल्लीच्या कोपऱ्यावर तिची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे पाण्याचे हौद आणि वर माळ्यावर दोन खोल्या, तिथे ती आणि तिची आई राहत. तिच्या हातची खळ अशी, की लोक म्हणत, हिच्याकडून आलेला सदरा खुंटीला नाही टांगला तरी उभा राहतो. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पुरुषांचे कपडे इतके बघितलेत, की आतला माणूस बघायची हौस राहिली नाही."

हे ऐकून सगळ्यात जास्त हसायची ती चिमणी. चिमणी म्हणजे तिची लहानपणापासूनची मैत्रीण. रविवारच्या शाळेत दोघी एका बाकावर बसत, आणि मोठं होऊन चर्चच्या गायकमंडळातही एकीला एक चिकटून उभ्या राहत. अंगाने एवढीशी आणि तोंड सतत चालू, म्हणून चिमणी. ती बेकरीच्या काउंटरवर असायची. पाव घ्यायला आलेला माणूस पाव आणि बातम्या दोन्ही घेऊन जायचा, आणि कधी कधी बातम्यांच्या नादात पाव तिथेच विसरायचा.

तिचा नवरा याच्या अगदी उलट. एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो मिस्त्री होता, आणि सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, चिमणीसुद्धा. दोघांच्या संसारात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं त्याचं, आणि या वाटणीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. मूलबाळ झालं नाही. ते दुःख दोघांनी मिळून इतकी वर्षं उचललं होतं, की त्याचं वजन आता हाताला कळत नव्हतं.

मिस्त्रीचा एक कामाचा कोट होता. जाड निळ्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. मशीनचं दुखणं त्याला कानाने कळायचं. एखादं मशीन कुरकुरायला लागलं, की तो उजवा हात कमरेवर ठेवायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि नुसता ऐकत उभा राहायचा. हात अर्थातच ग्रीसने माखलेला. वर्षानुवर्षं तोच हात त्याच जागी टेकल्यामुळे कोटाच्या उजव्या बाजूला एक अख्खा पंजा उमटला होता. चार बोटं पुढे, अंगठा मागे. काळा आणि चकचकीत, जणू कुणी मुद्दाम छापून घेतलाय.

चिमणी त्या डागावर तासन् तास बोलू शकायची. "माझ्या घरात दोन मिस्त्री आहेत," ती सांगायची. "एक जेवतो, आणि एक खुंटीला टांगलेला असतो."

खळबाई म्हणायची, "माझ्याकडे आठवडाभर टाकून जा गं तो. मग बघते कसा राहतो ते."

पण मिस्त्री रोज तोच कोट घालून कामावर जायचा, आणि सुटीच्या दिवशी चिमणी तो घरीच कसाबसा खंगाळून वाळत घालायची. तो आठवडा काही खळबाईला मिळाला नाही.

मग तो मिळाला. थंडी पडायला लागली होती. वर्कशॉपमध्ये सकाळच्या चहाची सुट्टी झाली, मिस्त्री कोट काढून बाकावर टेकला, हातात कप घेतला, आणि शेजारच्या माणसाने काहीतरी विचारलं त्याचं उत्तर आलं नाही. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, कारण मिस्त्री तसाही उत्तर देणाऱ्यातला नव्हता. कप कलंडला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

माती देऊन झाल्यावर घर माणसांनी भरलं. मिस्त्रीची मोठी बहीण लांबच्या गावाहून आली होती. उंच, ताठ बाई. येताच तिने पदर खोचला आणि घराचा ताबा घेतला. चर्चच्या भगिनी मंडळातल्या बायका पाळीपाळीने येत होत्या, आणि मनाने सगळ्या चांगल्या होत्या, यात शंका नाही. एक म्हणाली, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. दुसरी म्हणाली, त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत. तिसरीने दिराच्या ऑपरेशनची गोष्ट सुरू केली, ती दीर अजून ठणठणीत असल्यामुळे बरीच लांबली. चिमणी मधोमध खुर्चीवर बसून होती आणि तिच्या तोंडातून एक शब्द बाहेर येत नव्हता. हे सगळ्यांत भयंकर होतं. बेकरीतलं घड्याळ बंद पडावं तसं ते होतं.

खळबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काही बोलता येईना. शब्द हे तसंही तिचं काम नव्हतं, पण त्या दिवशी तर जीभच खळ लागल्यासारखी झाली होती. मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली. पाहुण्यांनी वापरलेल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्याचा ढीग पडला होता. तिला हायसं वाटलं. आपल्याला करता येण्यासारखं काहीतरी या घरात आहे, एवढ्यानेच तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. तिने गाठोडं बांधायला घेतलं.

चिमणीला आत निजवून नणंद खळबाईच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो निळा कोट होता. कारखान्यातले लोक आणून देऊन गेले होते, तो दारामागे टांगलेला होता.

"हाही घेऊन जा बाई," ती म्हणाली. "तेलाचा वास सुटलाय नुसता. वहिनी आत पडल्यात, त्यांना आता उठवायला नको."

खळबाईने कोट घेतला. गाठोड्यात मात्र टाकला नाही, हातावर घेऊन गेली.

त्या आठवड्यात तिने बाकीची कामं बाजूला सारली. जुना तेलकट डाग आधी तेलानेच सैल करावा लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने तो भिजवला, मऊ केला, टर्पेंटाइनने पुसला, सोड्याच्या गरम पाण्यात घातला, साबण लावून दगडावर घासला. डाग हसल्यासारखा तिथेच. वर ग्रीस निघालं तर खाली लोखंडाचा बारीक कीस, त्याचा गंज धरलेला. त्यासाठी लिंबाचं सत्व, मग ऊन, मग पुन्हा पहिल्यापासून. बोटांची सालटी निघाली. आई माळ्यावरून ओरडली, "अगं, कोट धुतेयस की पापं?" घासता घासता खळबाई प्रार्थना करत होती. प्रभू, मला बोलता येत नाही. माझ्याकडून एवढं तरी होऊ दे.

आणि झालं. सगळ्या गावात कुणाला जमलं नसतं ते तिने केलं. कापड कुठे विरलं नाही, रंग उडाला नाही, आणि पंजा होता तिथे आता नुसता स्वच्छ निळा कोट होता. तिने त्याला हलकी खळ दिली, इस्त्री केली, बटणं घट्ट करून घेतली. रविवारी उपासनेनंतर ती हॅंगरवर लावलेला कोट दोन्ही हातांनी उंच धरून चिमणीच्या घरी गेली, लग्नाचा पोशाख न्यावा तशी.

नणंद बघतच राहिली. "कमाल आहे बाई तुमची. त्याने हा नवा कोरा कधी घेतला असेल तेव्हासुद्धा असा नसेल दिसला."

चिमणी खुर्चीवरून उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली. जवळ आली आणि कोटाच्या उजव्या बाजूला, कमरेपाशी, तिने आपला हात टेकवला. तो हात तिथे जरा फिरला. मग तिने कोट उलटा करून बघितला, आतून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"हात कुठंय?" ती म्हणाली.

तिने कोट उजेडाकडे धरला.

"इथं त्याचा हात होता. मी रोज त्याच्यावर हात ठेवत होते. कुठं गेला तो?"

खळबाईला तेव्हा कळलं, सगळं एकदम कळलं, आणि कळूनही उपयोग नव्हता. कापडातून गेलेलं परत येत नाही, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार.

"चिमणे, मी..."

"तू त्याला धुऊन टाकलंस," चिमणी म्हणाली. आवाज चढवला नाही. "जा तू. आणि परत येऊ नकोस."

नणंदेने मध्ये पडून काहीतरी समजुतीचं बोलायचा प्रयत्न केला. चिमणी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कोट बाहेरच राहिला.

त्यानंतरचे दिवस खळबाईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. हातून सदरे जळायला लागले. एका वकिलाच्या पांढऱ्या पँटला तिने निळीचं पाणी जास्त दिलं आणि तो आकाशी पँट घालून कोर्टात गेला. एके दिवशी तर ती हौदापाशी ग्रीसचा डबा उघडून बसलेली आईला सापडली. उजवा हात मनगटापर्यंत काळा.

"हे काय चाललंय?"

"वाटलं, परत उमटवता येईल."

आई जिन्याच्या कठड्याला धरून हळूहळू खाली उतरली. गुडघ्यांमुळे ती सहसा उतरत नसे. "तुझा पंजा त्याचा होईल का गं, वेडे?" ती म्हणाली, आणि चिंधीने तिची बोटं एकेक करून पुसायला लागली. "जित्याची खोड. काही बिघडलं की लगेच करायलाच हवं तुला. जरा बस की नुसती."

"नुसतं बसून काय होतं?"

"तुझा बाप गेला तेव्हा माझ्याजवळ कोण बसलं होतं, विचार मला. समोरची कानडी म्हातारी. तिचं मला कळत नव्हतं, माझं तिला कळत नव्हतं. तिच्याइतकं बरं कुणाजवळच वाटलं नाही."

चर्चचे पाळकसाहेब त्याच आठवड्यात आपला झगा इस्त्रीला टाकायला आले. गोल चेहऱ्याचे, भला माणूस, पण बोलायला लागले की घड्याळाकडे बघायला विसरायचे. खळबाईने त्यांना सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "तुम्ही तरी जाऊन सांगा तिला काहीतरी."

"गेलो होतो," पाळकसाहेब म्हणाले. "दुःखाबद्दलची सगळी वचनं मला पाठ आहेत. तिने दारातच उभं राहून नीट ऐकून घेतली. मग विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. तिने दार लावलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? घरी जाऊन जेवलो." ते थोडा वेळ काउंटरवरच्या झग्याच्या सुरकुत्या बोटाने सरळ करत राहिले. "जेवण गेलं नाही फारसं. आणि दुसरं एक. तिची नणंद तिला आपल्या गावी घेऊन चाललीय. महिनाअखेर घर सोडणार आहेत. मी चिमणीबाईंना विचारलं, तुमची इच्छा आहे का. तर म्हणाल्या, मला सगळीकडे सारखंच."

चिमणीला सगळीकडे सारखं वाटावं, हे खळबाईला मरणाइतकंच वाईट वाटलं. जी बेकरीच्या एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर बसवलं तरी आठवडाभर कुरकुर करायची, ती आता ट्रंकेसारखी उचलून नेतील तिथे जाणार होती. आणि एकदा का एवढी लांब गेली, की झालेलं कधी मिटायचं नाही. दोघी म्हाताऱ्या होतील, मरतील, आणि मध्ये तो निळा कोट तसाच राहील.

पुढच्या रविवारी खळबाई चर्चमध्ये मागे बसली होती, अंग चोरून. गायकमंडळात उभं राहायची हिंमत नव्हती. त्या दिवशीचं वाचन प्रभू कबरेतून उठल्यानंतरचं होतं. बंद खोलीत भेदरून बसलेले शिष्य, आणि तो मध्ये येऊन उभा राहतो आणि त्यांना आपले हात दाखवतो. हे तिने लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं. पण त्या दिवशी तिने ते लाँड्रीवालीच्या कानाने ऐकलं. हातांवर खिळ्यांचे व्रण होते. अजून होते. ज्याने मरण धुऊन काढलं, सगळं नवं केलं, त्याला ते दोन डाग काढणं काय अवघड होतं? आणि त्याने ते ठेवले. मुद्दाम ठेवले, आणि ज्या मित्राचा पाहिल्याशिवाय विश्वास बसत नव्हता त्याला म्हणाला, ये, हात लावून बघ.

खळबाईने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि भजन होईपर्यंत रडत राहिली.

ते तिने चिमणीला सांगितलं नाही. सांगायला गेली असती, तर तीही 'झालं?' ऐकून परत आली असती. सोमवारी लाँड्री बंद असे. त्या दिवशी दुपारी ती चिमणीच्या घरी गेली. जाताना सवयीने हातात काहीतरी घेतलं, सूपचं भांडं असावं, आणि दारातून मागे फिरून ते ओट्यावर ठेवलं. रिकाम्या हाताने गेली.

नणंदेने दार उघडलं. "वहिनी कुणाला भेटत नाहीत. तुम्हाला तर..."

"नाही भेटल्या तर नाही. मी इथे बसते."

"कुठे?"

"इथे, पायरीवर."

आणि बसली. जिना अरुंद, त्यामुळे वर जाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागे. सगळ्यांत अवघड गेलं ते हातांचं. तिचे हात कधी रिकामे राहिलेले नव्हते. मांडीवर ठेवले तर ते पदराच्या घड्या घालायला लागत. शेवटी ती त्यांच्यावरच बसली. दुसऱ्या दिवशी लाँड्री बंद केल्यावर पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने काठी टेकत विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. बसलेय."

"बसा, बसा," म्हातारा म्हणाला. "माझ्या बायकोने आयुष्यात एवढा वेळ बसून दाखवलं असतं तर मी तिला पाहिलं तरी असतं."

दारापलीकडून कुणीतरी हसल्यासारखं झालं. की नाकातून श्वास सोडला, कोण जाणे.

आठवडा सरत आला होता. नणंद सामानाच्या गाडीचं ठरवायला बाहेर पडली, आणि थोड्या वेळाने दार उघडलं. चिमणी उभी होती. वाळून अर्धी झाली होती, आणि आधीच तिच्यात अर्धं करण्यासारखं फार नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली. "लोक विचारायला लागलेत, जिन्यात कोण मेलंय."

आत ट्रंका उघड्या पडल्या होत्या. भिंतीवरून तसबिरी काढल्यामुळे रंगाचे फिकट चौकोन दिसत होते. चिमणी खुर्चीवर बसली. खळबाई तिच्या समोर, ट्रंकेवर.

"देवाचं काही सांगणार असशील तर आत्ताच ऊठ."

"नाही सांगत."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"बरं."

चिमणीने तिच्याकडे रोखून बघितलं. "त्याची बाजू नाही घेणार?"

"त्याला वकील लागत नाही. आणि मी तुझ्याकडे आलेय."

मग चिमणी बोलायला लागली. किती दिवसांचं तुंबलेलं होतं ते. आम्ही काय मागितलं होतं त्याच्याकडे, ती म्हणाली. मूल दिलं नाही, मागणं सोडलं. एक माणूस दिला होता न बोलणारा, तोही चहा पिताना उचलला, निदान कप तरी संपू द्यायचा. ती देवाला असं असं बोलली, की भगिनी मंडळाने कानांवर हात ठेवले असते. खळबाईने एकदाही मान हलवली नाही, ना हो, ना नाही. ती फक्त तिथे होती, आणि ऐकत होती. बोलून बोलून चिमणी थांबली.

"माझं चुकलं गं," खळबाई म्हणाली.

"हो. चुकलंच."

"हो."

खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"लवकर निघाला का?" चिमणीने विचारलं.

"कोण?"

"डाग."

खळबाईला क्षणभर वाटलं की खोटं बोलावं. मग ती म्हणाली, "नाही गं. अजिबात निघेना."

"सांग."

"काय सांगू?"

"सगळं. त्याला इतक्या जवळून मीसुद्धा कधी बघितलं नाही. मी नुसती भांडत होते त्याच्याशी. तू आठवडाभर डोळ्यांपुढे धरून होतीस. सांग मला, कसा होता."

मग खळबाईने सांगितलं. पहिलं बोट लांब आणि सरळ होतं, त्याच्या टोकाशी काळं जास्त, कारण तिथे तो जोर देत असणार. मधलं बोट आखूड होतं.

"त्याचं टोक मशीनमध्ये गेलेलं," चिमणी डोळे मिटून म्हणाली. "लग्नाच्या आधी. मला दाखवायला लाजायचा, म्हणून आमचं ठरेपर्यंत हात खिशात."

"करंगळी जरा बाजूला पडलेली. बाकीच्यांशी भांडण झाल्यासारखी."

"तशीच होती."

"तळव्याच्या मधे कापड तसं स्वच्छ होतं. तिथे हात टेकतच नव्हता बहुतेक. आणि बोटांची अगदी बारीक वळणं उमटली होती. ती मला पहिल्या दिवशी दिसली, भिजवल्यावर. मग ती गेली."

"आणि सगळ्यांत शेवटी काय निघालं?"

"अंगठा."

"अंगठा?"

"मागचा. तो इतका खोल गेला होता, की बाकी सगळा हात गेला तरी तो आपला तिथेच. मी शेवटी त्याला म्हटलं, मिस्त्री, सोडा आता. झालं की."

चिमणीने डोळे उघडले. "तो म्हणायचा," तिला नीट बोलता येईना, "म्हणायचा, तुझ्या खळबाईने हा डाग काढला तर मी मिशी उतरवीन."

"मिशी वाचवली की मग शहाण्याने."

आणि चिमणी हसली. हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि माती दिल्यापासून जे आलं नव्हतं ते रडू आलं. ती खुर्चीवरून खाली घसरली आणि खळबाईच्या मांडीत डोकं घालून, लहान मुलासारखं सगळं अंग हलवत रडली. खळबाईच्या कंबरेला स्वच्छ, कडक इस्त्रीचा रुमाल होता. तिने तो काढला नाही. डोळ्यांचं, नाकाचं सगळं पाणी तिच्या पातळावर येत होतं, ते तिने येऊ दिलं. एक हात चिमणीच्या पाठीवर ठेवला, आणि तो कुठेही फिरवला नाही.

नणंद परत आली तेव्हा त्या दोघी तशाच जमिनीवर होत्या.

"ताई," चिमणी नाक ओढत म्हणाली, "मी नाही येत तुमच्याबरोबर. मी इथंच राहीन."

नणंदेचे ओठ घट्ट झाले. "माझं काही चुकलं का वहिनी?"

"नाही हो. तुम्ही खूप केलंत." चिमणी तिच्याकडे बघत राहिली, पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखी. "तुमचा भाऊ होता तो. मला कुणीतरी विचारतंय रोज. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

ती उंच बाई हातातली पिशवी न ठेवता तशीच उघड्या ट्रंकेच्या कडेवर बसली. "मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय," ती म्हणाली.

खळबाई उठली आणि चहा ठेवायला गेली. मग तिने गॅस बंद केला, परत आली, आणि त्या दोघींजवळ खाली बसली.

नणंद आठ-पंधरा दिवस आणखी राहिली, भरलेल्या ट्रंका रिकाम्या करायला. मग दर वर्षी थंडीत यायची. स्वभावाने शेवटपर्यंत कडकच होती, पण चिमणीच्या घरी आली की दोन दिवस फक्त झोपायची. ती गेली त्या वर्षी तिच्या मुलाने चिमणीला बोलावून घेतलं होतं.

पाळकसाहेबांची पुढे बदली झाली. नव्या गावातल्या लोकांची तक्रार असायची, की हे दुःखाच्या घरी येतात, बसतात, देतील ते खातात, पण बोलत काही नाहीत. तरी त्यांनाच बोलावत.

खळबाईची आई त्यानंतर दोन हिवाळ्यांनी वारली. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी चिमणी आली. बाह्या सरसावल्या, दारात थांबली, आणि विचारलं, "काय धुवायचं नाही ते आधी सांग." खळबाईने आईच्या शालीकडे बोट दाखवलं. चिमणीने ती शाल घडी न घालता खुर्चीच्या पाठीवर होती तशी राहू दिली आणि बाकीचं घर आवरायला घेतलं.

चिमणी बेकरीत परत गेली. चर्चमध्ये यायला तिला वर्षाहून जास्त लागलं. कुणी ओढलं नाही. रविवारी उपासना सुटली की खळबाई सरळ तिच्याकडे जायची, आणि दोघी पावाचा कालचा तुकडा चहात बुडवून खायच्या. एकदा चिमणी आपणहून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी कुजबुजली, "भांडण मिटलेलं नाही हं. नुसतं बोलणं सुरू झालंय." खळबाई म्हणाली, "पुष्कळ झालं. पान उघड."

लाँड्री पुढे बरीच वर्षं चालली. घरोघरी मशीन आल्यावर आणि न चुरगळणारं कापड निघाल्यावर खळबाईने ती बंद केली. शेवटी तिची बोटं वाकडी झाली होती आणि कप धरवत नव्हता, तेव्हा चिमणी रोज संध्याकाळी येऊन तिला चहा पाजायची आणि सगळ्या वस्तीच्या बातम्या सांगायची, खऱ्या आणि रचलेल्या. खळबाई त्यातच एका संध्याकाळी गेली. बातमी अर्धी राहिली होती, ती चिमणीने पूर्ण सांगितली आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

चिमणी अजून आहे. ऐकू कमी येतं, बोलणं कमी झालेलं नाही. वस्तीत कुणाचं काही झालं, की तिला रिक्षात घालून तिथे नेतात. ती आत जाते, एखादी खुर्ची ओढते, आणि त्या घरात ती तोंड उघडत नाही.